पाळीच्या चार टप्प्यांना चार वेगळी क्रीमं लागतात का?

ठाण्याच्या एका २९ वर्षांच्या तरुणीचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "माझी पाळी ३१ ते ३६ दिवसांनी येते. पाळीच्या पाच-सहा दिवस आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठे, ठणकणारे पिंपल्स येतात. पाळी संपता संपता ते बसतात, पण काळे डाग राहतात. आठ महिन्यांपासून मी पाळीच्या टप्प्यांप्रमाणे स्किनकेअर करतेय. पाळीत फक्त मॉइश्चरायझर, पुढच्या आठवड्यात रेटिनॉल, मधल्या दिवसांत व्हिटॅमिन सी, शेवटच्या आठवड्यात सॅलिसिलिक ॲसिड आणि मुलतानी मातीचा लेप. पिंपल्स थांबले नाहीत, उलट चेहरा सतत चुरचुरतो. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती, त्यानंतर तर जास्तच आले. मी टप्पे मोजण्यात चुकतेय का?"

मोजण्यात तुमची चूक नाही. तुम्ही मनापासून आणि शिस्तीने केलंत, हे प्रश्नातूनच दिसतंय. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. कोणत्या आठवड्यात काय लावायचं यापेक्षा, दर महिन्याला ठरल्यासारखे येणारे हे पिंपल्स मुळात कमी कसे करायचे आणि मागे राहणारे डाग कसे टाळायचे, हे तुम्हाला हवंय. त्या प्रश्नाचं उत्तर टप्प्यांच्या तक्त्यात मिळत नाही.

मी १९ वर्षं त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढे जे सांगते त्यात काही गोष्टी 'जर-तर'च्या राहतील. तुम्ही गर्भधारणेचा विचार करताय का, गर्भनिरोधक गोळ्या घेताय का, चेहऱ्यावर नको असलेले केस आहेत का, यावर उपचार बदलतात. त्या त्या ठिकाणी तसं सांगेन.

आधी पाळीचा त्वचेशी संबंध आहे का ते पाहू. आहे, नक्की आहे. पाळी आल्यापासून इस्ट्रोजेन हळूहळू वाढत जातं आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या जरा आधी सर्वांत जास्त असतं. या दिवसांत बऱ्याच जणींची त्वचा शांत असते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, साधारण आठवडाभराने ते शिखरावर जातं, आणि गर्भ राहिला नाही तर पाळीच्या आधीच्या दिवसांत दोन्ही हार्मोन्स खाली येतात. पुरुषी हार्मोन्स बाईच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतातच. इस्ट्रोजेन ओसरलं की त्यांचा प्रभाव त्या मानाने जास्त जाणवतो, आणि तैलग्रंथी त्यांचंच ऐकतात. त्यात पाळीच्या उत्तरार्धात केसाच्या मुळाजवळची ती बारीक नळी किंचित अरुंद होते, असंही आढळलेलं आहे. तेल जास्त, वाट अरुंद. पिंपल्सचा त्रास असलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणी पाळीआधी तो वाढतो असं सांगतात. म्हणजे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

मग त्या आठवड्यात वेगळं औषध लावून उपयोग का होत नाही? कारण पाळीआधी दिसणारा पिंपल त्या आठवड्यात जन्मलेला नसतो. त्याची सुरुवात कातडीखाली काही आठवडे आधी होते. आधी नळीच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल यांचा एक अतिसूक्ष्म बोळा बसतो. तो आरशात दिसत नाही, बोटाला लागत नाही. तिथपासून लाल, ठणकणारी गाठ होईपर्यंत दोन महिनेही जाऊ शकतात. पाळीआधीची हार्मोन्सची उलथापालथ आधीच भरलेल्या त्या बोळ्याला फक्त चेतवते. म्हणून पाळीच्या पाच दिवस आधी सॅलिसिलिक ॲसिड सुरू करणं म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर कौलं शाकारायला चढणं. पिंपल्सचं काम उरलेल्या पंचवीस-तीस दिवसांत करायचं असतं.

आता तुमचं रेटिनॉल. रेटिनॉल आणि त्याच्या कुळातली औषधं तो सूक्ष्म बोळा बनूच देत नाहीत, म्हणून ती इतकी मोलाची आहेत. पण त्यांची सवय व्हायला त्वचेला तीन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला कोरडेपणा, चुरचुर, थोडी सालपटं येतात, मग त्वचा रुळते. तुम्ही ते महिन्यातून एकच आठवडा लावत होतात. म्हणजे दर महिन्याला त्वचेने चुरचुर सोसायची, रुळायची वेळ आली की तुम्ही थांबायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. त्रास पूर्ण मिळाला, गुण येण्याआधीच औषध सुटलं. असं आठ महिने चाललं. त्यावर शेवटच्या आठवड्यात ॲसिड आणि माती, म्हणजे कोरड्या पडलेल्या त्वचेतून उरलासुरला ओलावाही ओढून घेणं. चेहरा चुरचुरणार नाही तर काय होईल! हे वाचून स्वतःला दोष देऊ नका. असे तक्ते फार आकर्षक मांडलेले असतात, आणि त्यामागचं हार्मोन्सचं वर्णन बहुतेक वेळा खरंही असतं. चूक होते ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात.

आणखी एक गोष्ट. हे सगळे तक्ते २८ दिवसांच्या पाळीवर बेतलेले असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा लाखांहून जास्त पाळीचक्रं मोजली गेली. सरासरी निघाली २९.३ दिवस, आणि नेमकी २८ दिवसांची चक्रं होती फक्त १३ टक्क्यांच्या आसपास. त्यातही जो भाग कमी-जास्त होतो तो मुख्यतः पहिला, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा. नंतरचा भाग साधारण बारा ते चौदा दिवसांचा असतो, तो त्या मानाने स्थिर. तुमची पाळी कधी ३१ ची, कधी ३६ ची, तर स्त्रीबीज कधी १८ व्या दिवशी बाहेर पडेल, कधी २३ व्या. मोबाइलवरचं ॲप १४ वा दिवस दाखवत असेल तर तो नुसता अंदाज आहे. आणि गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेणाऱ्या बाईला तर हे टप्पे नसतातच. तिला दर महिन्याला होणारा रक्तस्राव गोळ्या थांबवल्यामुळे होतो, स्त्रीबीज बहुधा बाहेर पडतच नाही. तिने टप्प्यांप्रमाणे क्रीमं बदलण्यात काहीच अर्थ नाही.

म्हणून मी माझ्या रुग्णांना एकच गोष्ट सांगते: पाया महिनाभर एकच ठेवा, पाळीप्रमाणे फक्त दोन-तीन बारीक बदल करा.

पाया म्हणजे काय, ते तुमच्यापुरतं सांगते. सकाळी सौम्य, फेस कमी येणारा फेसवॉश, त्यानंतर हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. ठाण्याच्या दमट हवेत जेलसारखं चालेल, कमीत कमी एसपीएफ ३०. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीएवढं चेहऱ्याला आणि गळ्याला लागतं. बहुतेक जणी याच्या निम्मंही लावत नाहीत. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत पिंपल बसल्यावर जो डाग राहतो तो महिनोन्महिने टिकतो, आणि ऊन त्याला आणखी गडद करतं. डागांवरचं सर्वांत महत्त्वाचं औषध म्हणून मी सनस्क्रीनच मोजते. गालांवर वांगही असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन घ्या. साधं सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं, पण वांग गडद करणारा दृश्य प्रकाश त्यातून आत येतो.

रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या आणि अडॅपलीन ०.१ टक्का जेल लावा. हे रेटिनॉलच्याच कुळातलं औषध आहे. प्रमाण वाटाण्याच्या दाण्याएवढं. ते पिंपलवर ठिपक्यासारखं लावायचं नाही. जिथे जिथे पिंपल्स येतात त्या सगळ्या भागावर, आज मोकळ्या दिसणाऱ्या जागेवरसुद्धा, पातळ पसरायचं. न दिसणारे बोळे तिथेच असतात. डोळे, नाकपुडीच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. पहिले तीन आठवडे एक दिवसाआड, मग सोसवेल तसं रोज. फार कोरडं वाटलं तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात थोडे पिंपल्स वाढल्यासारखेही वाटू शकतात. मी हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, नाहीतर चौथ्या आठवड्यात मुली औषध बंद करतात आणि "मला सूट झालं नाही" म्हणून दुसरीकडे जातात. एक महत्त्वाची अट: गर्भ राहिला असेल किंवा तसा प्रयत्न चालू असेल तर अडॅपलीन, रेटिनॉल काहीच लावायचं नाही. अशा वेळी मी ॲझेलेइक ॲसिड देते. ते डागांवरही चांगलं काम करतं.

पाळीप्रमाणे बदल कुठे करायचा, ते आता सांगते. पाळीची तारीख साधारण आठवड्यावर आली की हनुवटी आणि जबड्याच्या भागावर सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के लावायला सुरुवात करा. हे पिंपलमधल्या जंतूंवर आणि सुजेवर काम करतं, आणि जंतू याला सरावत नाहीत. पाच टक्क्यांचं घेऊ नका, गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. यामुळे कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा. बऱ्याच घरांत नव्या चादरीवरून यामुळे बोलणी बसलेली आहेत. पाळी आली की हे थांबवायचं.

दुसरा बदल पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचा. या दिवसांत काही जणींना त्वचा जास्त नाजूक वाटते, एरवी चालणारी गोष्टही झोंबते. तसं होत असेल तर एक-दोन रात्री अडॅपलीनला सुट्टी द्या आणि नुसतं मॉइश्चरायझर लावा. होत नसेल तर थांबवायची गरज नाही. तिसरा बदल थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियलच्या तारखेचा. माझ्याकडे येणाऱ्या अनेक जणी सांगतात की पाळीआधी आणि पाळीत थ्रेडिंग जास्त दुखतं, आणि लालीही उशिरा जाते. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात ते करा. चेहऱ्याला वॅक्स करणार असाल तर पाच-सात दिवस आधी अडॅपलीन बंद ठेवा, नाहीतर वॅक्सबरोबर कातडीचं सालही निघून येतं आणि तिथे काळा पट्टा राहतो. लग्नसराईत असे चेहरे मला दर वर्षी पाहावे लागतात.

पिंपल फोडायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी हात जातोच, विशेषतः ठणकत असेल तेव्हा. त्यासाठी हायड्रोकोलॉइडची छोटी गोल पट्टी मिळते, ती रात्री चिकटवून ठेवा. बोटं दूर राहतात, एवढाच फायदाही खूप आहे.

आता वहीबद्दल. क्रीमं बदलण्यासाठी नव्हे, पण स्वतःला समजून घेण्यासाठी तीन पाळीचक्रं नोंद ठेवा. पाळीचा पहिला दिवस, नवे पिंपल्स किती आणि कुठे, झोप, त्या आठवड्यात वेगळं काय लावलं किंवा खाल्लं. एका शिक्षिकेच्या बाबतीत याच वहीने मला शिकवलं. तिच्या कपाळावर दर महिन्याला पाळीनंतर बारीक बारीक पुटकुळ्या यायच्या. "पाळीचेच आहेत," असं ती ठामपणे म्हणत होती, आणि मीही दोन महिने तेच धरून चालले. वहीत पाहिलं तर त्यांच्या घरी चौथ्या दिवशी न्हायची पद्धत होती. पाळीत डोकं धुवायचं नाही म्हणून ती तिसऱ्या रात्री डोक्याला भरपूर खोबरेल तेल चोपडून झोपायची आणि सकाळी न्हायची. तीन दिवसांचा घाम, वर रात्रभर कपाळावर ओघळणारं तेल. पुटकुळ्या तेलाच्या होत्या. तेल न्हाण्याआधी अर्धा तास लावायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांत कपाळ स्वच्छ झालं.

त्यावरून सांगते, पाळीत केस धुतल्याने काहीही बिघडत नाही. डोक्यात कोंडा असेल तर चार दिवस थांबल्याने तो वाढतोच, आणि कोंडा वाढला की कपाळही बिघडतं. गरम पाण्याने छान न्हा. आपल्याकडे कावळा शिवला की बाजूला बसायची रीत होती. त्यातली शिवाशिव आणि अपमान मला कधीच मान्य नव्हता. पण माझी आजी सांगायची, की वर्षभरात तिला विश्रांती मिळायची ती त्या तीन-तीन दिवसांतच. पाणी भरणं नाही, चूल नाही. आज आपण बाजूला बसत नाही, आणि विश्रांतीही गेली. पहिल्या दिवशी लोकलची गर्दी टाळून घरून काम करता आलं, एक वेळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला, रात्री तासभर लवकर झोपता आलं, तर ते मागून घ्या. पाळीच्या दिवसांत स्वतःची काळजी म्हणून मला सर्वांत आधी हेच सुचतं.

आता गौरी-गणपतीतल्या गोळीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली ती ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. पाळी पुढे ढकलण्यासाठी सहसा जी गोळी घेतली जाते तिच्यात नॉरएथिस्टेरॉन असतं. हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत बदल करून बनवलेल्या गटातलं आहे, आणि थोडा पुरुषी हार्मोनसारखा गुण त्यात उरतो. पिंपल्सकडे कल असलेल्या त्वचेला तेवढं पुरतं. गणपती विसर्जनानंतरच्या महिन्यात माझ्याकडे अचानक वाढलेल्या पिंपल्सच्या तक्रारी येतात तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारते, "सणात गोळी घेतली होती का?" मुली खाली बघून हो म्हणतात, जणू काही चोरी केलीय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात गौरी बसणार, सोवळं असणार, सासूबाई वाट बघत असणार, अशा वेळी कुणालाही ही गोळी सोपा मार्ग वाटेल.

पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक म्हणजे ही गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणायची नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठत असेल, तर ती धोक्याची ठरू शकते. हे विचारणारं कोणीतरी समोर असायला हवं. ती गर्भनिरोधकही नाही. दुसरं म्हणजे एकदा कधीतरी घेतली तर वाढलेले पिंपल्स सहसा दोन-तीन पाळींत पूर्वपदावर येतात. त्यासाठी घाबरून नवं काही लावायची गरज नाही. पण वर्षातून चार-पाच वेळा, सण, सत्यनारायण, लग्न, ट्रिप अशा प्रत्येक कारणाने घेत असाल तर क्रीमांनी कितीही जोर लावला तरी चेहरा शांत होणार नाही. मी माझ्या रुग्णांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आयांनाही स्पष्ट सांगते: पाळी आलेल्या मुलीने गौरीला हळदकुंकू वाहिलं तर गौरी रागावेल असं मला वाटत नाही, गोळीचे परिणाम मात्र तिच्या अंगावर दिसतात.

गोळ्यांचाच विषय निघाला म्हणून पोटदुखीच्या गोळीबद्दल. पाळीच्या कळांवर आपल्याकडे घरोघरी मेफेनॅमिक ॲसिड घेतलं जातं. इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या नोव्हेंबरअखेर या औषधाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, कारण क्वचित त्याने ड्रेस नावाची गंभीर ॲलर्जी होते. अंगभर पुरळ, ताप, चेहऱ्याला सूज, गळ्यातल्या गाठी सुजणं, अशी ती दिसते, आणि औषध घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनीही येऊ शकते. इतक्या उशिरा आल्यामुळे कोणाच्या डोक्यात पाळीची गोळी येतच नाही. गोळी सोसत असेल तर भिऊन सोडायची गरज नाही. पण असं पुरळ तापासकट आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि गेल्या दोन महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी सांगा.

लोकलने रोज जाणाऱ्या मुलींना पॅडमुळे मांडीला, जांघेत पुरळ येतं, तेही इथेच सांगते. ओलावा आणि घर्षण हे त्याचं कारण. चार ते सहा तासांनी पॅड बदला, जाताना जांघेत व्हॅसलिनसारखं काहीतरी पातळ लावा, सुगंधी पॅड टाळा. पाळी संपल्यावरही गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा राहिला तर तो नायटा असू शकतो. त्यावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. खाज दोन दिवसांत जाते, नायटा पसरतो. हीच ट्यूब चेहरा उजळवायला वापरणाऱ्या मुलीही येतात, आणि तो चेहरा सावरायला वर्ष-वर्ष लागतं. आणि योनीमार्ग धुवायला वेगळं लिक्विड नको. आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो, बाहेरून साधं पाणी पुरे.

खाण्याबद्दल थोडंसंच. पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, असा एक क्रम सध्या सांगतात. त्याने हार्मोन्स सुधारतात याला भक्कम आधार नाही. जवसाची चटणी चांगली आहे, महिनाभर खा. पिंपल्सशी संबंध दिसतो तो सारखं साखर-मैदा खाण्याचा आणि काही जणींत दुधाचा. जिमला जाणाऱ्या मुली व्हे प्रोटीन घेत असतील तर मी ते तीन महिने थांबवून पाहायला सांगते. अनेकदा तेवढ्यानेच फरक पडतो.

पाळीआधी मन उदास होणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींत असतं. पण दर महिन्याला त्या आठवड्यात कामच सुचत नाही, नाती तुटेपर्यंत भांडणं होतात, जगणं नकोसं वाटतं आणि पाळी आली की दोन दिवसांत सगळं निवळतं, असं असेल तर तो स्वभावाचा दोष नाही. त्यावर औषधं आहेत. डॉक्टरांना दाखवा. मध्यरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

तुमची पाळी ३१ ते ३६ दिवसांची आहे. प्रौढ स्त्रीत २४ ते ३८ दिवस आपण सामान्य धरतो, त्यामुळे यात काळजीचं काही दिसत नाही. पण हनुवटी-जबड्यावरच्या पिंपल्सबरोबर हनुवटीवर राठ केस, टाळूवर केस विरळ होणं, मानेची मागची बाजू आणि काखा काळ्या मखमलीसारख्या होणं, किंवा पाळी दोन-दोन महिने न येणं, यातलं काही असेल तर पीसीओएसची, म्हणजे बीजाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची तपासणी करून घ्या. मान काळी पडली की बायका ती घासघासून धुतात. तो मळ नसतो. बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असते, आणि तिथे रक्तातली साखर तपासायला हवी. रक्तस्राव फार होत असेल, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल आणि केसही गळत असतील तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. केसगळतीच्या सीरमवर हजारो रुपये गेल्यानंतर लोह कमी निघालं, असं मी नेहमी पाहते.

बारा आठवडे नियमित करूनही जबड्यावरच्या गाठी थांबल्या नाहीत, किंवा खड्डे पडायला लागले, तर वाट बघू नका. तुमच्यासारख्या पाळीशी बांधलेल्या पिंपल्सवर स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन्सचा प्रभाव कमी करणारं औषध) किंवा विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या चांगला गुण देतात, आणि गाठी खोल असतील तर रेटिनॉलच्या कुळातली पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइन आहे. यातलं पहिलं आणि शेवटचं औषध गर्भाला घातक आहे. आयसोट्रेटिनॉइन घेताना, आणि ते बंद केल्यावरही महिनाभर, गर्भ राहू न देण्याची पक्की काळजी घ्यावीच लागते. म्हणून लग्न ठरलंय का, मूल हवंय का, हे डॉक्टरांनी विचारलं तर खाजगी चौकशी समजू नका, खरं सांगा.

आता आज रात्रीपासून काय करायचं ते. तुमची त्वचा आत्ता दुखावलेली आहे, तिच्यावर अडॅपलीन लगेच चढवू नका. आधी हनुवटीचा एक फोटो काढून ठेवा. पुढचे दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. रेटिनॉल आणि सॅलिसिलिक ॲसिड दोन्ही कपाटात ठेवा, माती घरातल्या कोणाला हवी असेल तर देऊन टाका. व्हिटॅमिन सी आवडत असेल तर चुरचुर पूर्ण थांबल्यावर सकाळी सनस्क्रीनच्या आधी रोज लावा, डागांना मदत होईल. पंधरा दिवसांनी जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना एकदा चेहरा दाखवून अडॅपलीन एक दिवसाआड सुरू करा. या मधल्या काळात पाळीआधीचे पिंपल्स येतीलच, कारण ते बोळे आधीच बसलेले आहेत. पुढच्या महिन्यातही थोडे येतील. तिसऱ्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात, एखाद्या सकाळी उजेडात उभं राहून हनुवटीचा फोटो काढा आणि आज काढलेल्या फोटोशेजारी ठेवून बघा.